तांब्याच्या पाटीवरचा राजा



 ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते चित्रकलेचे शिक्षक होते. विद्यार्थ्याच्या हातात पेन्सिल देण्याआधी ते त्याला बराच वेळ नुसतं बघायला लावत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून मीही आज चित्रांच्या इतिहासाचं सर्वेक्षण वगैरे करणार नाही. थोडीच चित्रं घेऊ आणि ती नीट बघू. चित्रं आहेत राजांची. पण महालात टांगलेली मोठी तैलचित्रं नव्हेत, तर तांब्याच्या पाटीवर कोरून कागदावर छापलेली चित्रं. एन्ग्रेव्हिंग.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासून बघता येईल. राजाच्या छापचित्रात सत्ता चेहऱ्यात फारशी नसते. ती चेहऱ्याच्या भोवती असते. चौकटीत, वस्त्रांत, खालच्या मजकुरात. आणि त्या चित्राच्या प्रती किती निघाल्या, कुणाच्या हाती पडल्या, यात असते. हे खरं असेल तर एक विलक्षण गोष्ट शक्य व्हायला हवी. राजाचा चेहरा पाटीवरून पुसून तिथे दुसऱ्याचा कोरला, तरी चित्र चालायला हवं. मित्रहो, तसं घडलेलं आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी हे चित्र तयार कसं होतं ते पाहू. गुळगुळीत घासलेली तांब्याची पाटी घ्यायची. ती वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवायची. हातात ब्युरिन, म्हणजे टोकदार पोलादी कोरणी. कोरणी पुढे ढकलायची, की तांब्याची बारीक तार उचलली जाऊन खाली चर पडतो. वळणदार रेघ हवी असेल तर हात वळवायचा नाही, उशीवरची पाटी फिरवायची. जोर वाढवला की रेघ जाड, कमी केला की बारीक. मग पाटीवर शाई फासायची, वरची सगळी पुसून टाकायची, शाई फक्त चरांत उरू द्यायची. वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून पाटी दाबून काढायची. चरातली शाई कागद ओढून घेतो. बोट फिरवलं तर त्या रेघा किंचित उठलेल्या लागतात.

यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे चित्र उलटं छापलं जातं. राजाची तलवार डाव्या कमरेला असते. कोरणाऱ्याने विचार केला नाही तर कागदावर ती उजवीकडे जाईल. म्हणून कोरणारा मूळ चित्र आरशात बघून काम करी. दुसरी अडचण रंगांची. रंग नाहीतच. निळं मखमल, तांबडी टाच, पांढरी फर, हे सगळं काळ्या रेघेतून आणि कोऱ्या कागदातून दाखवायचं. मोठ्या तैलचित्रावरून एक चांगली पाटी कोरायला महिनोन्‌महिने लागत. आणि एवढं करूनही पाटी झिजते. काही शे चांगल्या प्रती, नंतरच्या फिकट होत जाणाऱ्या, मग रेघा पुन्हा खोल कराव्या लागतात.

इतका खटाटोप कशासाठी? कारण राजा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईला हे फार लवकर कळलं. १६६० साली त्याने स्पेनच्या राजकन्येशी लग्न केलं ते सँ-ज्याँ-द-लूझ या किनाऱ्यावरच्या गावी. त्याच वर्षी त्याच गावाहून त्याने एक फर्मान काढलं: खोदचित्रकला ही स्वतंत्र कला आहे, ती कारागिरांच्या श्रेणीच्या नियमांत बसवता येणार नाही. यात रोबेर नांतॉय या कोरणाऱ्याचा वाटा होता असं मानतात. हा रँसचा माणूस. राजा त्याच्यासमोर बसे, तो रंगीत खडूंनी चेहरा उतरवी आणि मग तांब्यावर आणी. त्याने राजाचा चेहरा दहाएक वेळा कोरला. तरुण लुई, मिशी फुटलेला लुई, मग भरल्या गालांचा लुई.

नांतॉयचं यातलं एखादं चित्र डोळ्यांसमोर आणा. मध्ये लंबवर्तुळ, दगडी खिडकीसारखं. त्यात छातीपर्यंतचा राजा: खाली चिलखत, वर गळ्याशी लेसचा रुमाल. चिलखतासाठी त्याने ओळीने समांतर रेघा ओढल्या आहेत. मधे उजेडाची पट्टी येते तिथे रेघ थांबते आणि कोरा कागद चकाकतो. लेसचं प्रत्येक छिद्र वेगळं कोरलेलं. केसांची प्रत्येक बट एक लांब, फुगत जाऊन निमुळती होणारी रेघ. आणि चेहरा? चेहऱ्यावर लांब रेघा जवळजवळ नाहीतच. बारीक तुटक फटकारे आणि ठिपके. म्हणजे त्या कागदावर सर्वांत कमी शाई कुठे आहे? राजाच्या गालावर. भोवती काळोखी भरीव चौकट, चिलखत, केस. मध्ये उजळ चेहरा. आपली नजर आपोआप तिथे जाते आणि आपल्याला वाटतं, चेहऱ्यातच तेज आहे. तेज भोवतालच्या रेघांनी उभं केलं आहे.

आता ही चित्रं जात कुठे? काही विकली जात. काही परदेशी दरबारांना भेट म्हणून पाठवली जात. लुईचा मंत्री कोलबेर याने राजाचे वाडे, उत्सव, संग्रह यांची छापचित्रं काढून वाटण्याची मोठी व्यवस्थाच उभी केली होती. पण एक मार्ग मला सर्वांत उद्‌बोधक वाटतो. पॅरिसमध्ये चांगल्या घरातला विद्यार्थी आपला प्रबंध जाहीर सभेत मांडायचा, तेव्हा त्याचे मुद्दे एका मोठ्या छापील कागदावर येत. तो कागद कुणाला तरी अर्पण करायचा. राजाला अर्पण करण्याची परवानगी मिळाली, तर वरच्या अर्ध्या भागात राजाचं चित्र, खाली तत्त्वज्ञानाचे मुद्दे. नांतॉयने अशा कागदांसाठी राजाचं डोकं जवळजवळ माणसाच्या डोक्याएवढं कोरलं. विचार करा. खर्च विद्यार्थ्याच्या बापाचा. प्रतिष्ठा विद्यार्थ्याच्या कुटुंबाची. भिंतीवर मात्र राजा. राजाला आपलं चित्र लादावं लागत नाही, माणसं ते पैसे मोजून लावून घेतात. सत्ता मुरते ती अशी, असं मला मनापासून वाटतं. धाकाने लावलेलं चित्र धाक संपला की उतरतं; आपली पत वाढावी म्हणून लावलेलं चित्र पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राहतं.

लुईचं सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र म्हातारपणाचं. १७०१ साली इयासँत रिगो या चित्रकाराने काढलेलं पूर्णाकृती तैलचित्र. राजा ६३ वर्षांचा. ते स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठवायचं होतं, पण राजाला इतकं आवडलं की त्याने स्वतःकडेच ठेवून घेतलं. आज ते लूव्र संग्रहालयात आहे. पुढे प्येर द्रव्हे याने ते तांब्यावर उतरवलं, आणि युरोपभर पोचला तो मुख्यतः हाच कागदावरचा लुई. त्यात चेहरा किती आहे? सगळ्या कागदात फार तर एक लहानसा ठिपका, वयस्कर, ओठ आत गेलेला. बाकी सगळं वस्त्र. लिलीच्या फुलांचं मखमल वरपासून जमिनीपर्यंत ओघळतं. त्याचं पांढऱ्या फरचं अस्तर मुद्दाम बाहेर उलटवलं आहे. शेजारी गादीवर मुकुट; तो डोक्यावर घालण्याची राजाला गरज वाटत नाही. राजदंड त्याने उलटा, टोक खाली करून काठीसारखा धरला आहे. दुसरा हात कमरेवर. मागे खांब. रेशमी मोज्यांतले पाय, नाचासाठी उभे राहावेत तसे. या गृहस्थाचं वय चेहऱ्यावर कबूल केलं आहे, पण पायांवर नाही. रंग गेले तरी काही बिघडलं नाही. मखमलीला आडव्या-उभ्या दाट रेघा, फरला थोड्या सुट्या रेघा आणि भरपूर कोरा कागद. पदार्थ ओळखता येतो, आणि पदार्थावरून पद.

इथे मला आपल्याकडे वळणं भाग आहे. चौदावा लुई आणि शिवछत्रपती समकालीन. नांतॉय पॅरिसमध्ये राजाचा चेहरा कोरत होता, त्याच काळात, १६७४ साली, रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराजांनी नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईवर काय आहे? चेहरा नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. नुसती अक्षरं. मुघलांच्या नाण्यांवरही, जहांगीराचे काही अपवाद सोडले तर, अक्षरंच. म्हणजे सत्ता दाखवायला चेहरा लागतोच असं नाही. आपल्याकडे ती नावाने आणि मुद्रेने फिरत होती, आणि तांब्याच्या त्या तुकड्याने बाजारात आपलं काम चोख केलं.

मग महाराजांचा चेहरा आपल्याला कुठून मिळाला? गोवळकोंड्याच्या शैलीतली लहान चित्रं डच व्यापाऱ्यांबरोबर हॉलंडला गेली होती. १७२४ ते १७२६ या काळात फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा पूर्वेकडच्या देशांवरचा प्रचंड ग्रंथ निघाला. त्यात महाराजांचं छापचित्र आहे. ते पुढे महाराष्ट्रासमोर आणण्याचं श्रेय वा. सी. बेंद्रे यांच्या कष्टांना जातं. पण लक्षात घ्या, तिकडून आला तो चेहरा. सिंहासन, छत्र, मावळे, गड हे सगळं भोवताल महाराष्ट्राच्या चित्रकारांनी, छापखान्यांनी आणि घराघरांतल्या भिंतींनी घातलं. परक्या ग्रंथातल्या एका प्रकरणापुरता असलेला माणूस आपल्या भोवतालात आल्यावर छत्रपती दिसू लागला.

आता इंग्लंड. आणि आता ती चेहरा बदलल्याची गोष्ट.

पहिल्या एलिझाबेथविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. तिच्या सरकारला आपल्या राणीची वाईट चित्रं सोसत नसत. १५६३ साली चित्रांवर बंधन घालणारा एक मसुदा तयार झाला होता आणि १५९६ साली मंत्रिमंडळाने राणीची अशोभनीय चित्रं शोधून नष्ट करण्याचा हुकूम दिला. राणी साठीच्या पुढे गेलेली. चित्रांतला चेहरा मात्र तरुण, सुरकुतीविना, एकदा ठरवून दिलेल्या नमुन्यावरून उतरवलेला. घेर, मोती, झालर, हातातला गोल आणि दंड हे सगळं वाढत गेलं, चेहरा जागच्या जागी राहिला. इथपर्यंत चित्र राज्याच्या ताब्यात होतं.

मग ते हातचं सुटलं. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्याच सुमारास 'आयकॉन बॅसिलिकी' नावाचं पुस्तक बाहेर पडलं, राजाची प्रार्थना आणि आत्मनिवेदन म्हणून. वर्षभरात त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. सुरुवातीलाच विल्यम मार्शलने कोरलेलं चित्र होतं. राजा गुडघे टेकून बसला आहे. पृथ्वीवरचा मुकुट पायाशी पडला आहे. हातात काट्यांचा मुकुट. नजर वर, तिथे तिसरा, स्वर्गातला मुकुट. मागे वादळात न हलणारा खडक आणि फांद्यांना वजनं लटकवलेला ताड. हे चित्र लोकांनी इतकं उचलून धरलं की पाट्या झिजत आणि मार्शलला तेच चित्र पुन्हा नव्याने कोरावं लागे. ज्या राजाकडे सैन्य नाही, राजधानी नाही, मस्तकसुद्धा नाही, त्याच्याकडे एक पाटी उरली आणि तिने नव्या सत्तेला हैराण केलं. शेवटी मिल्टनसारख्या लेखकाला या पुस्तकाविरुद्ध पुस्तक लिहायला बसवावं लागलं. राजाची वस्त्रं गेली तेव्हा चित्रकाराने त्याच्याभोवती हौतात्म्य घातलं. चौकट बदलली, सत्ता परत आली.

याच काळात प्येर लोम्बार हा फ्रेंच कोरणारा लंडनमध्ये काम करत होता. व्हॅन डाइकने काढलेल्या चार्ल्सच्या अश्वारूढ चित्राच्या आधारे त्याने एक मोठी पाटी कोरली. उमदा घोडा, वर चिलखतातला स्वार, शेजारी सेवक. या एका पाटीच्या वेगवेगळ्या अवस्थांतल्या प्रती आज उपलब्ध आहेत. एकीत घोड्यावर ऑलिव्हर क्रॉमवेल बसला आहे. दुसरीत त्याच घोड्यावर, त्याच चिलखतात पहिला चार्ल्स. ज्याने राजाचा शिरच्छेद घडवून आणला तो आणि ज्याचा झाला तो, दोघं एकाच खोगिरावर! आणि एका अवस्थेत स्वाराला चेहराच नाही; जिथे डोकं असायचं तिथे कोरा कागद.

तांब्यावर हे कसं करतात? चर घासून काढायचे, पाटी मागून ठोकून पृष्ठभाग सपाट करायचा, पुन्हा चकाकी आणायची आणि तेवढ्या जागी नवं डोकं कोरायचं. घोडा तसाच. सेवक तसाच. चिलखतही नव्याने कोरावं लागत नाही. मी सुरुवातीला जे म्हणालो ते आता तपासून बघा. बिनचेहऱ्याच्या त्या प्रतीतही तो स्वार सत्ताधीशच वाटतो की नाही? कुणाही माणसाला तो सेनापती वाटेल, राजा वाटेल. फक्त कोण, एवढंच कळत नाही. सत्ताधारी बदलला तर कोरणाऱ्याचं चार दिवसांचं काम. सत्तेचं रूप मात्र तसंच पुढे चालू. क्रॉमवेलने राजेपण नाकारलं, पण दिसायचं कसं हे ठरवताना त्याच्यासाठी राजाच्या घोड्याशिवाय दुसरं वाहन कुणाला सुचलं नाही.

पुण्यात बसून हे बोलताना एका छापाचा उल्लेख टाळता येणार नाही. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने १७९० साली टिपूविरुद्धचा तह केला, त्या दरबाराचं चित्र. त्यासाठी पेशव्यांची, नाना फडणविसांची, सरदारांची प्रत्यक्ष पाहून चित्रं काढली जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. तो १७९५ साली वारला. पुढे थॉमस डॅनियलने त्या अभ्यासांवरून तैलचित्र पुरं केलं आणि १८०७ साली चार्ल्स टर्नरने त्याचा छाप काढला. शनिवारवाड्यातला दरबार, गादीवर सवाई माधवराव, माणसांची गर्दी, पागोट्यांची दाटी. मराठी राज्याचा असा भरजरी दरबार छापचित्रात क्वचितच दिसेल. पण हा छाप लंडनला निघाला तेव्हा काय झालं होतं? सवाई माधवराव जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि १८०२ साली पेशवाई इंग्रजांच्या आश्रयाखाली नेणारा वसईचा तह झाला होता. चित्रात गादीवर पेशवे आहेत. चित्राचं नाव मात्र मॅलेटने तह केल्याचं. पेशव्यांचं वैभव तिथे मॅलेटच्या कामगिरीची चौकट झालं आहे. हे चित्र बघताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्यातल्या माणसांचे चेहरे वेल्सने फार आस्थेने टिपले होते.

आता शेवटचा मोठा टप्पा. पोलाद आलं आणि प्रतींचं गणितच बदललं. ६ मे १८४० पासून इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं चिकटवायचं पोस्टाचं तिकीट चालू झालं, पेनी ब्लॅक. त्यावर राणी व्हिक्टोरियाचं मस्तक. विल्यम वायनच्या पदकावरून चार्ल्स हीथ आणि त्याचा मुलगा फ्रेडरिक यांनी ते पोलादावर कोरलं. एकच चेहरा. तो कठीण केलेल्या पोलादावरून मऊ रुळावर दाबून उचलायचा, रूळ कठीण करायचा आणि मोठ्या पाटीवर २४० वेळा उमटवायचा. २४० पेनींचा एक पौंड, तेवढीच तिकिटं एका कागदावर. पाटी टिकाऊ. पहिल्या तिकिटाच्याच सहा कोटींहून अधिक प्रती निघाल्या. चेहराच का निवडला, याचं एक कारण व्यवहारी होतं: आकृतीतला फरक माणसाच्या ध्यानात येत नाही, चेहऱ्यातला बारीक फरक मात्र कुणालाही खटकतो, त्यामुळे नक्कल पकडता येते.

लुईच्या चित्रातला सगळा भोवताल इथे गेला. मखमल नाही, खांब नाही. नखाएवढ्या जागेत एक मान. त्यावर देशाचं नावसुद्धा नाही. आणि ती मान कुणाची? पंधरा वर्षांच्या मुलीची. पदकासाठीचं मूळ रेखाटन राणी त्या वयाची असतानाचं. राणी आई झाली, विधवा झाली, आजी झाली, १९०१ साली वारली. इंग्लंडच्या तिकिटांवर अखेरपर्यंत ती तरुणच राहिली. मग इथे भोवताल कुठला? भोवताल आहे टपालखातं. पत्र पोचतं, हाच त्या चेहऱ्याचा अधिकार. म्हणूनच त्या चेहऱ्यावर रोज शिक्का मारला तरी कुणाला अपमान वाटत नव्हता.

व्हिक्टोरिया हिंदुस्थानात कधीही आली नाही. पण १८५४ पासून तिची तिकिटं इथे चालू झाली, १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, आणि राणीछाप रुपया तर आपल्या आजी-पणज्यांच्या गाठोड्यांत होता, गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळांशेजारी. एक अक्षर वाचता न येणाऱ्या बाईलाही त्या राणीचं तोंड ओळखता येत होतं. लुईला पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या बापांची मदत घ्यावी लागली. व्हिक्टोरियाला गावोगावच्या टपालपेटीने आणि बाजाराने पोचवलं.

मग राजा गेला. स्वातंत्र्यानंतर नोटेवरच्या सहाव्या जॉर्जच्या जागी काय घालायचं, हा प्रश्न आला. महात्मा गांधींचं चित्र घालण्याचा विचार झाला होता, नमुनेही तयार झाले होते. शेवटी निवडले गेले सारनाथचे सिंह, आणि १९४९ साली त्यांची एक रुपयाची नोट निघाली. गांधीजी १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त नोटेवर आले आणि १९९६ च्या मालिकेपासून कायमचे. तो चेहरा आजही कोरीव छपाईचा आहे. शंभराच्या किंवा पाचशेच्या नव्या नोटेवर अंगठा फिरवा, नांतॉयच्या छापावर लागतात तशा उठलेल्या रेघा लागतील.

या निवडीबद्दल माझं मत आहे आणि ते सांगून मी थांबतो. मला १९४९ चा निर्णय अधिक योग्य वाटतो. त्या वेळच्या लोकांनी लोम्बारच्या पाटीसारखं राजाचं डोकं काढून दुसरं डोकं बसवलं नाही. त्यांनी ती जागाच बदलली. प्रजासत्ताकाला एका माणसाच्या चेहऱ्याची गरज नाही, मग तो माणूस गांधीजींएवढा मोठा का असेना, आणि ज्याने आयुष्यभर राजवस्त्रं नाकारली त्याला राजाच्या जागी बसवणं मला बरोबर वाटत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना हे पटणार नाही याची मला कल्पना आहे. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी वेळ राखून ठेवला आहे, तेव्हा याच मुद्द्यावर बोलूया.